जपानी हौदाचं बूच

सुवर्णा 'राहू दे' म्हणाली, तेव्हाच गिरीश खांबेटेने सावध व्हायला हवं होतं. बायको भांडली तर उत्तर देता येतं, रडली तर नमतं घेता येतं. पण डिशवॉशरमध्ये ताटल्या लावता लावता, मागे वळूनही न बघता ती 'राहू दे' म्हणाली, की नवऱ्याने समजावं, प्रकरण हाताबाहेर गेलं.

प्रकरण जपानचं होतं. लग्नाआधी सुवर्णा पुण्यात जपानी शिकली होती. दोन बस बदलून पहाटेच्या वर्गाला जायची, दुसऱ्या लेव्हलची परीक्षा पास झाली होती. तिच्या बायोडेटात 'आवड' या सदरात 'भरतकाम, जपानी भाषा' असं लिहिलेलं होतं आणि गिरीशने दोन्हींकडे सारख्याच आदराने पाहिलं होतं. पाहण्याच्या कार्यक्रमात, पोह्यांची दुसरी बशी संपवताना, तो उदार मनाने म्हणाला होता, "जपान काय, जाऊ की आपण!" पोहे चांगले झाले की माणूस वाटेल ते बोलतो. त्याला सात वर्षं झाली. या सात वर्षांत ते सनीव्हेलहून पुण्याला चार वेळा गेले. चारही वेळा विमान जपानच्या डोक्यावरून गेलं आणि सुवर्णाने चारही वेळा खिडकीतून खाली पाहिलं. खाली ढग होते.

म्हणून २००६ च्या डिसेंबरात पुण्याला जाताना वाटेत पाच दिवस जपान, असं गिरीशने जाहीर केलं. तो एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचा, म्हणजे दुसऱ्याच्या चुका शोधण्याचा त्याला पगार मिळायचा. त्याच शिस्तीने त्याने एक्सेल शीट केलं: गरम झऱ्याचं स्नान, देवळात मुक्काम, चहाचा समारंभ, बर्फात बसलेली माकडं. माकडांना सकाळी नऊ ते साडेदहा वेळ दिली होती.

ही बातमी खालच्या मजल्यावरच्या कुमारला कळली. कुमार नागपूरचा, आणि जपानचा जाणकार, कारण तो एकदा टोकियोच्या विमानतळावर चार तास बसला होता.

"यार गिरीश, ते लोक गुडघ्यांवर बसतात. तासन् तास," कुमार म्हणाला. "तू आत्तापासून प्रॅक्टिस सुरू कर. तिथे मांडी घातलीस तर इज्जत जाईल. आणि एक लक्षात ठेव, क्लीनलिनेस! जिथून उठशील तिथे आपला मागमूस ठेवायचा नाही. मी एअरपोर्टवर पाहिलं ना, एक आजोबा उठले आणि खुर्ची रुमालाने पुसून गेले."

गिरीशने प्रॅक्टिस सुरू केली. एका मंगळवारी घरून कॉन्फरन्स कॉल घेताना तो हॉलमध्ये पाऊण तास वज्रासनात बसला. कॉल संपला, तो उठला, आणि आपल्याला गुडघ्यांखाली पाय नाहीत हे त्याला हवेत असताना कळलं. सहा वर्षांची इशिता खोलीतून बाहेर आली, जमिनीवर पालथ्या पडलेल्या बापाकडे पाहून म्हणाली, "बाबा, आर यू स्टक?" आणि उत्तराची वाट न बघता परत गेली. तिसऱ्या दिवशी अपार्टमेंटच्या ऑफिसची नोटीस दाराला लागली: वजनदार फर्निचर हलवताना शेजाऱ्यांचा विचार करावा. तक्रार कोणी केली ते लिहिलं नव्हतं, पण त्या फ्लॅटखाली कुमारच राहत होता. फर्निचर या शब्दाने गिरीश जखमी झाला तो झालाच. त्या आठवड्यात त्याने दुसऱ्यांदा भात घेतला नाही.

मग कागद सुरू झाले. सॅन फ्रान्सिस्कोच्या जपानी वकिलातीत खिडकीतल्या बाईंनी त्याचं एक्सेल शीट फार कौतुकाने वाचलं, माकडांपाशी थोड्या थांबल्या, आणि अमेरिकेत परत येण्याची परवानगी कुठे आहे, असं विचारलं. दोघांच्याही पासपोर्टवरचे अमेरिकेच्या व्हिसाचे शिक्के केव्हाच संपले होते. गिरीशने वकिलाला फोन केला. वकील म्हणाला, तुमचा ग्रीन कार्डाचा अर्ज अडकलाय. बाहेर गेलात तर मुंबईत नवा शिक्का घेतल्याशिवाय परत येता येणार नाही. तो दोन दिवसांत मिळेल किंवा तीन महिन्यांत. तोवर तुमच्या नोकरीचं काय होईल ते मला विचारू नका. जपान गेलंच, पुणंही गेलं. गिरीशने हे घरी येऊन सांगितलं, आणि तेव्हा सुवर्णा ताटल्या लावत 'राहू दे' म्हणाली.

आता गप्प बसला तर तो नवरा कसला? आठ दिवसांनी तो एक प्रिंटआउट घेऊन आला. सनीव्हेलपासून तीन तासांवर, डोंगरात, 'कावासेमी इन' नावाची एक जपानी धर्तीची सराई होती. चटयांच्या खोल्या, अंगात घालायला किमोनो, जंगलातली मौनयात्रा आणि देवदारी लाकडाच्या हौदात गरम पाण्याचं पारंपरिक स्नान. मालकीण मिसेस इवाता, वय अठ्ठ्याहत्तर, अस्सल जपानच्या, चाळीस वर्षं सराई चालवणाऱ्या.

"व्हिसा लागत नाही!" गिरीश म्हणाला.

सुवर्णाने कागद दोन्ही बाजूंनी पाहिला. "बरं," ती म्हणाली. 'राहू दे'वरून 'बरं'वर आलो, हे त्याने प्रगती म्हणून धरलं. या शनिवार-रविवारी सुवर्णाच्या चेहऱ्यावर जपान दिसलं पाहिजे, नाहीतर आपण आयुष्यभराचे थापाडे ठरलो, एवढं त्याला पक्कं समजलं होतं.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी इशिताला कुमारच्या बायकोकडे, प्रतिमाकडे सोडून दोघं निघाले. डोंगर वाळून पिवळा पडला होता. सराईच्या दारात मिसेस इवाता उभ्या होत्या. चणीने एवढ्याशा, पण उभं राहण्यात हेडमास्तरीण. शेजारी त्यांचा अमेरिकन जावई डग, दारात मावत नव्हता असा. मिसेस इवाता कमरेतून वाकल्या. सुवर्णाही वाकली, आणि तिच्या ओठांवर काहीतरी आलेलं गिरीशने पाहिलं. तिथे त्याने माती खाल्ली.

"माय वाइफ नोज जॅपनीज!" तो मोठ्याने म्हणाला. "सुवर्णा, बोल ना. बोल काहीतरी!"

पाहुण्यांसमोर पोराला 'म्हण बरं ती कविता' असं ढोसावं, तसं त्याने तिला कोपराने ढोसलं. सुवर्णा लाल झाली. ओठांवर आलेलं आत गेलं.

"ॲक्चुअली, अ लिटल," ती इंग्रजीत पुटपुटली. मिसेस इवातांनी मान हलवली. 'अ लिटल' म्हणणारे त्यांनी चाळीस वर्षांत पुष्कळ पाहिले असावेत. पुढे सगळं इंग्रजीत, आणि तेही मोजून.

मौनयात्रेत गिरीश फार बोलला. ओरेगनहून आलेल्या तीन निवृत्त शिक्षिका होत्या, योगा शिकवणारं एक जोडपं होतं, आणि सगळे झाडांकडे बघत मुकाट चालले होते. "हे झाड बघ," गिरीश सुवर्णाच्या कानात म्हणाला. "सेम जपान, नाही?" सुवर्णाने झाड पाहिलं. "रेडवुड आहे," ती म्हणाली. पुढे चालणाऱ्या डगने ओठांवर बोट ठेवलं. रेडवुड जपानमध्ये होत नाही, हे गिरीशला रात्रीपर्यंत कोणी सांगितलं नाही, पण त्याला ते तिच्या आवाजावरून कळलं.

आता सगळी भिस्त स्नानावर होती.

हौद एकच होता, त्यामुळे पाळ्या लावल्या होत्या. बुकिंग सगळ्यांत आधी केलेलं, म्हणून चार वाजताची पहिली पाळी गिरीशची. भिंतीवर चौदा नियम टांगलेले होते. आधी बाहेर स्टुलावर बसून साबण लावून स्वच्छ व्हावे. साबणाचा थेंबही हौदात जाऊ नये. अंगावर कपडे नकोत. हौदात उड्या मारू नयेत. गिरीशने चौदाही वाचले आणि त्याला गहिवरून आलं. बसायला लाकडी स्टूल, शेजारी बादली, बादलीत लाकडी लोटी! सात वर्षं अमेरिकेत उभ्याने अंग भिजवल्यावर आज प्रथमच कोणीतरी त्याला माणसासारखी अंघोळ करायला सांगत होतं. तो बसला, घासला, बदाबदा लोट्या ओतल्या, पाठीवर हात पोचत नव्हता तिथेही पोचवला. मग हौदात उतरला. पाणी गळ्यापर्यंत, इतकं गरम की डोळ्यांपुढे कुलदैवत उभं राहिलं. डगने ते सकाळपासून लाकडं जाळून तापवलं होतं. अर्धा तास गिरीश आनंदात तरंगला. बायको खूश होणार, याची त्याला खात्री पटली.

आणि मग त्याचे संस्कार जागे झाले.

माणूस अंघोळ करून उठला की पाणी टाकून द्यायचं, हे त्याला जन्मापासून माहीत होतं. आपल्या अंगावरचं पाणी दुसऱ्यासाठी ठेवणं म्हणजे उष्टं ताट पुढच्या पंगतीला वाढणं. यापुढची पाळी सुवर्णाची होती, मग त्या तीन म्हाताऱ्या बायका. त्यांनी काय खांबेट्यांच्या पाण्यात बसायचं? शिवाय कुमारचा शब्द होताच, आपला मागमूस ठेवायचा नाही. भिंतीवरच्या चौदा नियमांत पाणी सोडू नये असं कुठेही लिहिलेलं नव्हतं, कारण चाळीस वर्षांत हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. गिरीशने तळाशी हात घातला, लाकडी बूच दोन्ही हातांनी फिरवलं आणि उपसलं. मग पाणी जाईपर्यंत उभा राहून हौदाच्या कडा टॉवेलने पुसल्या. टॉवेलची घडी घातली. इतकं नीटनेटकं काम त्याने ऑफिसातही कधी केलं नव्हतं.

"झालं," बाहेर येऊन तो सुवर्णाला म्हणाला. "मी तुझ्यासाठी एकदम स्वच्छ करून ठेवलंय."

"स्वच्छ म्हणजे?" सुवर्णाने विचारलं. त्याने सांगितलं. सुवर्णा खाली चटईवर बसली.

"अरे, तेच पाणी सगळे वापरतात," ती हळू म्हणाली. "आधी अंग धुवायचं ते त्यासाठीच. तिकडे आख्खं घर एका पाण्यात..."

वाक्य पुरं झालं नाही, कारण न्हाणीघरातून डगचा आवाज आला. शब्द नव्हते, नुसता आवाज होता. हौदाला पाणी पुरवणाऱ्या डोंगरावरच्या झऱ्याची धार ऑक्टोबरात करंगळीएवढी झाली होती. टाकीतलं पाणी पिण्याला आणि जंगलात आग लागली तर विझवायला राखून ठेवलेलं होतं. हौद भरायला डगला दोन दिवस लागले होते. हे सगळं त्याने दहा मिनिटांत, बाकीच्या पाचही पाहुण्यांसमोर, शांतपणे समजावलं. तिन्ही शिक्षिका किमोनो घालून, हातात टॉवेल घेऊन ओळीने उभ्या होत्या. वर्गात आजवर त्यांनी पुष्कळ मुलं पाहिली असतील, पण असं नाही, असं त्यांच्या तोंडावर होतं. "आय वॉज बीइंग क्लीन," गिरीश म्हणाला. हे वाक्य त्याला फार केविलवाणं वाटलं आणि ते तसं होतंही.

तेवढ्यात मिसेस इवाता आल्या. त्यांनी रिकामा हौद पाहिला, पुसलेल्या कडा पाहिल्या, टॉवेलची घडी पाहिली. मग गिरीशकडे बघत त्या जपानीत सुरू झाल्या. इंग्रजीत मोजून बोलणारी बाई जपानीत अशी सुटेल असं वाटलं नव्हतं. आपलं बोलणं इथे कोणाला कळत नाही, या भरवशावर माणूस जसं बोलतो तसं त्या बोलत होत्या. गिरीश आदराने मान हलवत होता.

आणि त्याच्या मागून कोणीतरी जपानीत उत्तर दिलं.

सुवर्णा गुडघ्यांवर बसली होती, कपाळ जवळजवळ चटईला टेकलं होतं. "मोओशिवाके गोझाइमासेन," अशी सुरुवात झाली. ती क्षमा असावी, एवढं गिरीशलाही समजलं. पण पुढे ती थांबली नाही. आधी अडखळली, एक शब्द शोधला, सापडला, आणि मग नळ सुटावा तशी ती बोलत गेली. मिसेस इवाताही खाली बसल्या. त्यांनी काही विचारलं, सुवर्णाने उत्तर दिलं. मग दोघींनी एकदम गिरीशकडे पाहिलं. मग मिसेस इवाता हसल्या. तोंडावर हात ठेवून, खांदे हलेपर्यंत हसल्या.

"काय म्हणतायत?" गिरीशने विचारलं.

"थांब जरा," सुवर्णा म्हणाली, आणि पुन्हा बोलू लागली.

दीड तास. चहा आला, तो दोघींनाच आला. गिरीश शिकलेल्या पद्धतीने कोपऱ्यात गुडघ्यांवर बसून होता. मधून मधून 'गिरीश-सान' ऐकू यायचं आणि पाठोपाठ हसू. आपल्या सात वर्षांच्या संसारातल्या नेमक्या कोणत्या गोष्टी चालल्यात हे त्याला कळत नव्हतं, पण फर्निचरचा किस्सा झाला हे सुवर्णाच्या हातवाऱ्यांवरून कळलं. त्याला राग यायला हवा होता. पण तो बघतच राहिला. इतक्या वर्षांत त्याने तिला एवढं सलग बोलताना ऐकलंच नव्हतं, मराठीतसुद्धा. तिचे डोळे, हात, बसण्याची ढब, सगळंच वेगळं होतं. हे कोणीतरी दुसरं आपल्या घरात सात वर्षं राहतंय आणि आपण तिला फक्त जेवायला काय आहे एवढंच विचारत आलो, असं त्याला वाटलं आणि फार वाईट वाटलं.

अखेर निकाल लागला. रविवारी पहाटेपासून गिरीशने डगबरोबर खालच्या ओढ्यावरून पाणी आणायचं, लाकडं फोडायची, हौद तापवायचा. पाहुण्यांनी संध्याकाळपर्यंत राहावं. आणि सगळ्यांचं स्नान झालं की शेवटची पाळी गिरीशची, त्याच पाण्यात.

ओढा दोनशे दहा पायऱ्या खाली होता. डग एका हातात एक बादली घेऊन शिट्टी वाजवत चढायचा. गिरीश दोन्ही हातांनी एक बादली धरायचा आणि निम्मी स्वतःच्या पायांवर ओतायचा. अकराव्या खेपेला त्याने पायऱ्या मोजणं सोडलं. सतराव्या खेपेला त्याला कुमारची आठवण झाली, ती इथे लिहिण्यासारखी नाही. वर ओट्यावर सुवर्णा आणि मिसेस इवाता तांदूळ निवडत गप्पा मारत बसलेल्या दिसायच्या. शिक्षिका त्याच्यासाठी प्रत्येक खेपेला टाळ्या वाजवत होत्या. दुपारी हौद भरला, तीनला पाणी तापलं. पहिली पाळी मिसेस इवातांनी सुवर्णाला दिली.

साडेपाचला गिरीशचा नंबर लागला. भिंतीवर चौदा नियमांखाली डगने जाड मार्करने पंधरावा लिहिला होता. गिरीशने त्याच्याकडे न बघता अंग घासलं. मग तो हौदाच्या कडेशी उभा राहिला. आत त्याच्या आधी आठ माणसं बसून गेली होती, डगसकट. डगसकट, हे मनातून जाईना. त्याने डोळे मिटले, सगळ्या पितरांची माफी मागितली आणि उतरला. पाणी गरम होतं. ठणकणाऱ्या खांद्यांना ते इतकं बरं वाटलं की त्याच्या तोंडून 'आई गं' निघालं.

"बरं वाटतंय का?" लाकडी भिंतीपलीकडून सुवर्णाचा आवाज आला. ती बाहेरच्या बाकावर केस वाळवत बसली होती.

"हो. काय सांगत होतीस गं त्यांना एवढं?"

"त्यांनी विचारलं, तू जपानमध्ये किती वर्षं होतीस. म्हटलं, एक दिवसही नाही. जाणार होते. नागोयाला, एक वर्ष, दुभाषी म्हणून. कंपनीचं पत्र आलं होतं. आपलं लग्न ठरलं त्याच आठवड्यात."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तू म्हणालास ना, जाऊ की आपण. मला खरं वाटलं."

गिरीश हनुवटीपर्यंत पाण्यात बुडाला. त्याला लाज वाटली, आणि ती पाण्याने जाणारी नव्हती.

"अगं, पण वकीलच म्हणाला ना, जाता येत नाही म्हणून," तो अखेर म्हणाला.

"तुला येत नाही म्हणाला. मी त्याला फोन केला होता, मागच्या महिन्यात. तो म्हणाला, मॅडम, तुम्हाला नोकरीच नाही, शिक्का लांबला तर तुमचं काय अडणार? पुण्याला आईकडे राहा, शिक्का मिळाला की येताना जपान करून या."

"मग बोलली का नाहीस?"

"तू म्हणशील म्हणून वाट बघत होते. आधी तू एक्सेल शीट घेऊन आला होतास, मग हे हॉटेल घेऊन आलास. 'तू जाऊन ये' एवढंच म्हणाला नाहीस."

पलीकडे केस झटकल्याचा आवाज आला. गिरीश हौदात सरळ बसला. हे म्हणायला सात वर्षं उशीर झाला होता, आणि तेही आठ माणसांच्या पाण्यात बसून म्हणावं लागत होतं.

"तू जाऊन ये," तो म्हणाला. "इशिताला मी बघतो. डबा, शाळा, सगळं. मार्चमध्येच जा तू."

"मार्चमध्ये पुण्याला जाईन. जपानला एप्रिलमध्ये," सुवर्णा म्हणाली. "मिसेस इवातांची बहीण आहे क्योतोला, तिच्याकडे उतरणार आहे. त्यांनी सकाळीच फोन लावून दिला. सहा एप्रिलचं तिकीट होल्डवर टाकलंय मी, उद्यापर्यंत."

"सकाळी? म्हणजे मी बादल्या आणत होतो तेव्हा?"

"हो."

"आणि मी नाही म्हटलं असतं तर?"

"गिरीश," भिंतीपलीकडून ती शांतपणे म्हणाली, "मी तिकीट एकच होल्ड केलंय."